लेसर यंत्राचा डोळा : भिंगे, आरसे आणि वाशिमचे कारागीर
(भाषण)



वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा हा जिल्हा प्रामुख्याने कोरडवाहू शेतीचा असून सोयाबीन व तूर ही येथील मुख्य पिके होत. २०१८ साली केंद्र शासनाने देशातील जे आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातील चार जिल्हे होते व वाशिम हा त्यांपैकी एक होता. अशा जिल्ह्यात लेसर यंत्रांतील भिंगे आणि आरसे हा विषय भाषणासाठी घेतला, तर तो दूरचा वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु पेरणी यंत्रातील बियाण्याची चकती, मळणी यंत्राची चाळणी, ट्रॉलीचा पत्रा किंवा ट्रॅक्टरमागील अवजाराची बाजूची पट्टी हे भाग आज अनेक कारखान्यांत लेसरने कापले जातात. लाकडावर, अ‍ॅक्रिलिकवर अक्षरे कोरणारी लहान लेसर यंत्रे नामफलक व स्मृतिचिन्हे करणाऱ्यांच्या दुकानांपर्यंत पोहोचली आहेत. म्हणजे लेसर शेतकऱ्याच्या अवजारापर्यंत आला आहे; प्रश्न एवढाच की, त्यामागील विद्या जिल्ह्यात येणार की केवळ कापलेला पत्राच येणार. या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या किमतीपेक्षा त्यातील तळहातावर मावणाऱ्या काही काचांशी अधिक निगडित आहे.

बारामतीचा संशोधक

पहिला लेसर अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी माणकाच्या कांडीपासून प्रज्वलित केला. त्या वेळी हे शोधाचे कौतुक होते, उद्योगाचे साधन नव्हते. लेसरला कारखान्यात नेण्याचे मोठे श्रेय ज्यांच्याकडे जाते, ते चंद्रकुमार नारणभाई पटेल हे पुणे जिल्ह्यातील बारामती येथे २ जुलै १९३८ रोजी जन्मले. १९५८ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि १९६१ साली डॉक्टरेट मिळवून बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. सोडा-वॉटरच्या बाटलीत असतो, तोच हा वायू. त्यापासून सलग आणि मोठ्या शक्तीचा किरण मिळू शकतो, हे या संशोधनाने दाखवून दिले. १९९६ साली त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक देण्यात आले.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६७ मध्ये, ब्रिटनमधील वेल्डिंग संशोधन संस्थेत पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी याच जातीच्या किरणाभोवती ऑक्सिजनचा झोत सोडून पोलादाचा पातळ पत्रा कापून दाखविला. किरणाने धातू तापवावा आणि वायूने वितळलेला रस बाहेर फेकावा, ही त्यांची युक्ती आजही पत्रा कापणाऱ्या प्रत्येक लेसर यंत्रात वापरली जाते.

किरण कापतो कसा?

शाळेतील भिंगाने उन्हात कागद पेटविण्याचा प्रयोग सर्व शिक्षकांना परिचित आहे. ऊन तेच असते. भिंग ते एका ठिपक्यावर एकवटते आणि कागद पेट घेतो. लेसर यंत्राचे तत्त्व याहून वेगळे नाही, केवळ त्याचे प्रमाण फार मोठे आहे.

घरोघरी पाणी तापविण्यासाठी १,५०० वॅटची विजेची कांडी वापरली जाते. बादलीभर पाणी कोमट करण्यास तिला बराच वेळ लागतो. तेवढ्याच, म्हणजे १,५०० वॅट शक्तीचा लेसर किरण काही मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापतो. शक्ती सारखीच असता हा फरक कोठून येतो? कांडीची उष्णता बादलीभर पसरते, तर लेसरची सारी शक्ती भिंगामुळे सुमारे एक दशांश मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर गोळा होते. हिशेब केल्यास त्या ठिपक्यावर दर चौरस मिलिमीटरला सुमारे १ लाख ९० हजार वॅट एवढा मारा होतो. भर दुपारच्या उन्हाच्या तुलनेत तो जवळजवळ १९ कोटी पट आहे.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. भिंगात दोष आल्याने ठिपक्याचा व्यास दुप्पट झाला, तर त्याचे क्षेत्रफळ चौपट होते आणि माऱ्याची तीव्रता एक चतुर्थांश उरते. यंत्र तेच, वीज तीच, कामगारही तोच. परंतु पत्रा नीट कापला जात नाही, कडेला खालच्या अंगाने वितळलेल्या धातूचे थेंब चिकटून राहतात. यंत्राचे सामर्थ्य त्याच्या वॅटमध्ये मोजले जाते खरे, पण ते कामी येते भिंगामुळे.

काच, तांबे आणि झिंक सेलेनाइड

मानवी डोळा सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश पाहतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कार्बन डायऑक्साइड लेसरच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन असल्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही. शिवाय खिडकीची साधी काच त्याच्या दृष्टीने भिंतीसारखी असते. ती त्याला आरपार जाऊ देत नाही, स्वतःच तापते. म्हणून या यंत्रातील भिंग झिंक सेलेनाइड या पदार्थाचे करतात. हळदीसारख्या पिवळ्या रंगाचा हा पदार्थ १०.६ मायक्रॉनच्या किरणाला वाट देतो. तांबडा प्रकाशही त्यातून जात असल्याने तांबड्या खुणेच्या किरणाने यंत्राची मांडणी तपासता येते. किरण नळीतून निघून भिंगापर्यंत पोहोचतो, तो आरशांवरून वळत वळत. मोठ्या यंत्रांत हे आरसे बहुधा तांब्याचे असतात, कारण गुळगुळीत घासलेले तांबे या किरणाचा अगदी थोडा भाग शोषून बाकीचा परत फेकते व अंगात शिरलेली उष्णता पाण्याच्या साहाय्याने चटकन बाहेर टाकते.

दुसरी जात तंतू-लेसरची. काचतंतूपासून लेसर करण्याची कल्पना १९६० च्या दशकातीलच; परंतु कारखान्यांत किलोवॅट शक्तीचे तंतू-लेसर २००० सालानंतर रूढ झाले आणि पत्रा कापण्याच्या कामात आज त्यांचेच प्राबल्य आहे. यिटर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या काचतंतूत किरण निर्माण होतो, केबलमधून थेट कापणाऱ्या डोक्यापर्यंत जातो आणि वाटेत आरशांची गरज पडत नाही. त्याची तरंगलांबी सुमारे १.०७ मायक्रॉन असल्याने फ्यूज्ड सिलिका नावाच्या अतिशुद्ध काचेची भिंगे त्याला चालतात. यंत्राच्या डोक्यात पहिले भिंग पसरत येणारा प्रकाश समांतर करते, दुसरे तो एकवटते आणि सर्वांत खाली, पत्र्याकडील बाजूस, एक सपाट संरक्षक काच असते. पत्र्यावरून उडणारे तप्त कण आणि धूर अंगावर घेणे हेच तिचे काम. ती ढालीसारखी आहे. खराब झाली की बदलायची आणि महागडे भिंग वाचवायचे.

या भिंगांवर डोळ्यांना सहज न जाणवणारा लेप असतो. त्याची आवश्यकता आकड्यांवरून ध्यानात येईल. लेप नसलेल्या झिंक सेलेनाइडच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे १७ टक्के प्रकाश परत फिरतो. म्हणजे दोन्ही पृष्ठभाग मिळून जवळजवळ तीस टक्के शक्ती वाया जाईल आणि परत फिरलेला किरण यंत्राच्या आतील भागांवर आदळेल. निर्वात पेटीत चढविलेल्या अतिशय पातळ थरांमुळे हे टळते आणि ९९ टक्क्यांहून अधिक प्रकाश पुढे जातो. तंतू-लेसरच्या भिंगावरील असा एक थर मायक्रॉनच्या एक पंचमांशाइतका किंवा त्याहूनही पातळ असतो. घरातील आरशाप्रमाणे रुमालाने पुसल्यास तो टिकेल, अशी अपेक्षा कोणी करू नये.

धुळीचा एक कण

चांगले भिंगही किंचित प्रकाश शोषते. दर हजारात दोन भाग शोषले गेले, तर १,५०० वॅटच्या किरणामुळे भिंगात ३ वॅट उष्णता मुरते. एवढी उष्णता भिंगाच्या पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या खोबणीतून निघून जाऊ शकते. परंतु भिंगावर धुळीचा कण, तेलाचा थेंब किंवा बोटाचा ठसा असेल, तर तेथे अधिक प्रकाश शोषला जातो, तो डाग जळतो, लेप करपतो आणि करपलेला लेप आणखी प्रकाश शोषतो. मध्यभाग तापून फुगल्याने किरण एकवटण्याची जागा वर-खाली सरकते. सकाळी उत्तम चालणारे यंत्र दुपारी नीट कापेनासे होते, त्याचे कारण पुष्कळदा येथे सापडते. उपाय म्हणून कामगार शक्ती वाढवितो, भिंग अधिक तापते आणि अखेरीस तडकते.

वाशिमसारख्या भागात या दोषाला तीन वाटा आहेत. पहिली वाट उन्हाळ्यातील धुळीची. दुसरी पावसाळ्यातील दमटपणाची. यंत्र थंड ठेवणारे पाणी गरजेपेक्षा अधिक गार केले, तर थंड लोट्याच्या बाहेरील अंगास जसे पाणी सुटते, तसे भिंग व आरसे यांवर दव धरते. म्हणून पाण्याचे तापमान ऋतूप्रमाणे ठेवावे लागते. तिसरी वाट सर्वांत फसवी, ती कॉम्प्रेसरची. किरणासोबत सोडण्याच्या हवेत कॉम्प्रेसरचे तेल आणि बाष्प आले, तर भिंग स्वच्छ राखण्यासाठी सोडलेली हवाच त्याला घाण करते. हवा कोरडी करणारे साधन व गाळणी बसविणे आणि ती वेळेवर बदलणे, हा यावरील उपाय आहे.

भिंग स्वच्छ करण्याची रीतही ठरलेली आहे. यंत्र बंद करून किल्ली काढून घ्यावी. भिंग थंड होऊ द्यावे. हातात स्वच्छ मोजे घालून ते कडेने धरावे. रबरी फुग्याच्या हवेने धूळ उडवावी. तोंडाने फुंकू नये, कारण फुंकरीबरोबर थुंकीचे तुषार जातात. भिंगासाठीचा खास कागद निर्मात्याने सांगितलेल्या शुद्ध द्रावणात भिजवून भिंगावरून एकदाच, भार न देता ओढावा आणि टाकून द्यावा. कोरडे घासू नये. शेवटी तारीख व यंत्र चाललेले तास वहीत नोंदवावेत. गावचा लोहार काम सुरू करण्यापूर्वी भात्याचे कातडे आणि नळी पाहून घेत असे. भिंगाची निगा ही त्याच वळणाची शिस्त आहे. तिला भांडवल लागत नाही, सवय लागते.

डोळ्यांचे रक्षण

येथपर्यंत यंत्राच्या डोळ्याचा विचार झाला. माणसाच्या डोळ्याचा विचार त्याहून निकडीचा आहे. तंतू-लेसरचा किरण दिसत नाही, पण डोळ्याचे बुबुळ व भिंग यांतून आरपार जातो आणि डोळ्याचे भिंग त्याला पडद्यावर एकवटते. त्यामुळे डोळ्यावर पडलेल्या प्रकाशाची तीव्रता आतील पडद्यावर सुमारे एक लाख पट होऊ शकते. चकाकत्या पत्र्यावरून परतलेला किरणही क्षणार्धात कायमची इजा करू शकतो, आणि किरण दिसत नसल्यामुळे पापणी मिटण्याची सूचनाही मिळत नाही. कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण पडद्यापर्यंत जात नाही. तो डोळ्याच्या बाहेरील पारदर्शक भागास भाजतो.

यातून एक व्यावहारिक बाब निघते. कोरीव कामाच्या यंत्राचे अ‍ॅक्रिलिकचे झाकण १०.६ मायक्रॉनचा किरण अडविते. परंतु तसेच साधे झाकण तंतू-लेसरपुढे निरुपयोगी ठरते, कारण १.०७ मायक्रॉनचा किरण त्यातून सहज जातो. संरक्षक चष्म्याचेही तसेच आहे. चष्मा कोणत्या तरंगलांबीसाठी आहे, हे त्यावर छापलेले असते. ते न पाहता घेतलेला रंगीत चष्मा केवळ खोटा धीर देतो. वेल्डिंगचा चष्माही याला पर्याय नाही.

आणखी दोन धोके सांगणे आवश्यक आहे. पीव्हीसीचा पत्रा, फलक किंवा रेक्झिन लेसरने कापल्यास हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो फुप्फुसांना अपायकारक आहे आणि यंत्राच्या धातूच्या भागांसह भिंग-आरसेही खातो. तसेच झिंक सेलेनाइडचे भिंग करपले किंवा फुटले, तर त्याची वाफ व भुकटी विषारी असते. अशी काच उकिरड्यावर टाकू नये. बंद डब्यात ठेवून पुरवठादाराकडे परत करावी.

शेजारच्या जिल्ह्यातील उदाहरण

भिंग व आरसे यांची निगा किती थोर कामाला लागते, हे पाहण्यास वाशिमकरांना फार दूर जावे लागणार नाही. लगतच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याचा प्रकल्प केंद्र शासनाने हाती घेतला आहे. त्यास फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तेथे प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसर किरण धावेल. त्याची तरंगलांबी १.०६४ मायक्रॉन, म्हणजे पत्रा कापणाऱ्या तंतू-लेसरच्या अगदी जवळची. अमेरिकेतील अशा वेधशाळांत किरण परतविणारे मुख्य आरसे फ्यूज्ड सिलिकाचे, ३४ सेंटिमीटर व्यासाचे आणि ४० किलो वजनाचे आहेत. त्यांवर पडणाऱ्या प्रकाशाचा दर दहा लाख भागांतील एक भागही ते शोषत नाहीत.

वर्कशॉपमधील भिंग आणि वेधशाळेतील आरसा यांच्या शुद्धतेत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरीही शास्त्र एकच आणि शिस्तही एकाच जातीची आहे : प्रकाश शोषला जाऊ देऊ नये, पृष्ठभागाला स्पर्श करू नये, प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवावी. ज्या मुलाला अथवा मुलीला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ही शिस्त लागली, तिला पुढील दारे बंद नाहीत.

काय करता येईल?

महाराष्ट्राला अशा कामाची परंपरा आहे. १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला, तो लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून. काचसामान तयार करणे एवढाच त्याचा हेतू नव्हता. काचेचे काम जाणणारी माणसे तयार करणे हाही होता. यंत्रापेक्षा माणूस तयार करण्याची ही दृष्टी आजही मार्गदर्शक आहे.

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव तालुक्यांतून जातो आणि जून २०२५ पासून तो संपूर्ण खुला झाला आहे. या रस्त्याने मोठ्या शहरातून पत्रा कापून आणणे सोपे झाले. त्याच रस्त्याने जिल्ह्यातील कारागिराचे काम बाहेरही जाऊ शकते. दोहोंपैकी काय घडेल, ते येथील तयारीवर अवलंबून राहील. त्या दृष्टीने काही सूचना विचारार्थ ठेवता येतील.

पहिली, खरेदीसंबंधी. सार्वजनिक पैशाने लेसर यंत्र घेताना निविदेत यंत्राची शक्ती लिहिली जाते. त्यासोबत राखीव भिंगे, संरक्षक काचा, स्वच्छतेचे साहित्य, योग्य तरंगलांबीचे चष्मे, मराठी माहितीपुस्तिका आणि प्रशिक्षण यांचाही स्पष्ट उल्लेख असावा. हजारो रुपयांच्या काचेअभावी लाखो रुपयांचे यंत्र झाकून ठेवण्याची वेळ येऊ नये.

दुसरी, प्रशिक्षणासंबंधी. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतन यांत भिंगांच्या निगेचा सराव मोठ्या यंत्राशिवायही सुरू करता येतो. धूळ न शिरणारी एक पेटी, चांगला दिवा, साधा सूक्ष्मदर्शक आणि वापरून बाद झालेल्या काही संरक्षक काचा एवढे साहित्य त्यास पुरेसे आहे. करपलेला डाग, ओरखडा व तेलाचा थर यांतील फरक ओळखता येणे, ही या विद्येची मुळाक्षरे आहेत.

तिसरी, शाळांसंबंधी. कोरीव कामाचे यंत्र शाळेत घ्यावयाचे झाल्यास ते पूर्ण बंदिस्त आणि झाकण उघडताच किरण बंद पडेल अशा बनावटीचेच असावे. ग्रामपंचायतींनीही गावात अशी यंत्रे चालविणाऱ्यांना झाकण, चष्मा, धूर बाहेर नेण्याची सोय आणि पीव्हीसी न कापण्याची खबरदारी यांविषयी समज द्यावी.

चौथी, कारागिरांसंबंधी. एकेका वेल्डिंग दुकानदारास मोठे यंत्र परवडणार नाही. परंतु अवजारे करणाऱ्या काही जणांनी मिळून एक यंत्र घेतले आणि त्याच्या भिंगांची जबाबदारी एका प्रशिक्षित व्यक्तीकडे सोपविली, तर सोयाबीनच्या पेरणीपूर्वी लागणारे सुटे भाग जिल्ह्यातच वेळेवर तयार होऊ शकतील.

बारामतीत जन्मलेल्या एका अभियंत्याने जगाच्या कारखान्यांना १९६४ साली हे साधन दिले. ते आता वाशिमच्या पेरणी यंत्रापर्यंत आले आहे. त्यापुढील काम सरपंच, शिक्षक व अधिकारी यांच्या हाती आहे. ज्या दिवशी जिल्ह्यातील एखादा तरुण कारागीर भिंग उजेडासमोर धरून त्यावरील डागाचे कारण अचूक सांगेल आणि ते दूर करून यंत्र पुन्हा सुरू करील, त्या दिवशी ही विद्या येथे रुजली असे म्हणता येईल.